गाडी मागे घेताना वाजणाऱ्या हॉर्नबद्दल

प्रिय आत्या,

साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आता जिने चढू देत असेल असं धरून चालते. नसल्यास पुढचं सगळं बसूनच वाच. आधी नुसत्या घटना देते, कारण आईकडून फोनवर तुला जे कळलं असेल त्यात घटना कमी आणि आम्हा बापलेकीचे स्वभाव जास्त असणार.

१. तीन तारखेला बाबांनी गाडी मागे घेताना तळमजल्यावरच्या दंतवैद्य बाईंची कुंडी फोडली. ही तिसरी.
२. पाच तारखेला मी गाडीला लॅपटॉप जोडला आणि मागे काही आडवं आलं की जी टिकटिक वाजते तिचा आवाज दुप्पट केला. कुणाला बोलले नाही.
३. सहा तारखेला बाबांनी त्या टिकटिकीचा स्पीकरच काढला. कुणाला बोलले नाहीत.
४. नऊ तारखेला मी ती सूचना थेट हॉर्नला जोडली.
५. दहा तारखेला बाबांनी माझी तार शोधून तिच्यात स्वतःचं एक बटण बसवलं, म्हणजे नको तेव्हा ती बंद ठेवता येईल.
६. बारा तारखेला, आई मागच्या सीटवर असताना, हॉर्न लागला तो एकोणीस मिनिटं थांबला नाही.

आता तू विचारशील, एका घरातली दोन माणसं एकमेकांशी बोलत का नाहीत? निदान तू तरी हे विचारू नकोस. मला गणितात कमी गुण पडले तेव्हा बाबा चकार शब्द बोलले नाहीत. त्यांनी माझ्या टेबलावरचा दिवा बदलला. आजीला ऐकू येईनासं झालं तेव्हाही कुणी तिला तसं म्हणालं नाही. बाबा दर दोन महिन्यांनी दाराची घंटी थोडी मोठी करत गेले, आणि शेवटी शेवटी आमची घंटी वाजली की शेजारचे दार उघडायचे. (आजीचं मत, हल्लीच्या घंट्या कर्कश निघतात.) आमच्याकडे बोलत नाहीत, दुरुस्ती करतात. त्यात बाबांनी एकतीस वर्षं कारखान्यात मोजमापाची यंत्रं दुरुस्त केलेली, आणि मी लिफ्टच्या कंट्रोल पॅनेलवर काम करते. दारात माणूस असेल तर लिफ्ट हलता कामा नये, याचाच मला पगार मिळतो. मग मागे कुंडी असताना गाडी हलते हे मी कसं बघत बसू?

बाबांचं म्हणणं, कुंड्या सरकतात. हे त्यांनी दंतवैद्य बाईंना तोंडावर सांगितलं. त्या म्हणाल्या, "काका, ती कुंडी सहा वर्षं तिथेच होती." बाबा म्हणाले, "तेच तर! सहा वर्षांनी अचानक कशी सरकली?" दिवसभर लोकांचे जबडे उघडणाऱ्या त्या बाईंचा स्वतःचा जबडा मी पहिल्यांदाच उघडा पाहिला.

बारा तारखेला बाबा आईला बँकेत सोडायला निघाले. (दुसऱ्या कुंडीपासून आई पुढे बसत नाही. कारण विचारलं तर म्हणते, मागे पाय मोकळे राहतात.) फाटकात हॉर्न लागला. काय झालं बघायला बाबा खाली उतरले, आणि त्यांच्यामागे दारं आपोआप लॉक झाली, वायपर सुरू झाले, चारही दिवे डोळे मिचकावू लागले. मी वरून धावत आले. बाबा बॉनेटपाशी उभे होते. त्यांच्या शर्टाच्या खिशात स्क्रू ड्रायव्हर होता आणि माझ्या हातातही.

"कंपनीचाच दोष दिसतोय," बाबा ओरडले.

"हो ना! हल्ली माल चांगला येतच नाही," मीही ओरडले.

बॅटरीची तार काढली की सगळं थांबणार होतं. पण बॉनेट उघडायचा खटका आत, स्टिअरिंगखाली, आणि आत फक्त आई. आम्ही दोघं दोन काचांवरून खुणा करत होतो. आईने शांतपणे पर्समधून बँकेची पावती काढली, मागे काहीतरी लिहिलं आणि काचेला लावलं: "आधी कोणी काय केलं ते सांगा." आम्ही दोघांनीही एकमेकांकडे बोट दाखवलं. आईने पावती घडी करून ठेवली आणि डोळे मिटले. अठराव्या मिनिटाला तिने एक डोळा उघडून पाहिलं, तेव्हा बाबांनी कबुलीची मान डोलावली, मग मीही. तेव्हा कुठे ती पुढे वाकली आणि तिने खटका ओढला. (पुढचं दार ती आतून कधीही उघडू शकली असती. हे मी नंतर तपासलं. विचारल्यावर म्हणाली, "इतकं निवांत कधी बसायला मिळतं मला?")

एकंदरीत नुकसान फारसं नाही. गाडी आता ठीक आहे. काळजीचं कारण नाही.

तुझी,
भाची

ता. क. : गाडी ठीक आहे, बाबा नाहीत. संध्याकाळी मी गाडीचं पॅनेल उघडलं. बाबांनी माझा जोड तोडलेला नव्हता. तो मला जमला नाही असं वाटून त्यांनी त्यावर नव्याने सोल्डरचा डाग दिला होता. बाबांचा डाग तू पाहिला आहेस, साबुदाण्याएवढा, बरोब्बर तारेवर. या वेळी तो तारेशेजारी पडला होता. एकदा नव्हे, तीनदा. तिसरा थेंब बाजूच्या तारेला चिकटला आणि म्हणून हे सगळं झालं. मी तो काढला, आणि बाबांना सांगितलं की चूक माझ्या जोडाची होती. त्यांना फार बरं वाटलं. अर्धा तास मला नीट डाग कसा द्यावा ते शिकवत होते. मी शिकले.

ता. क. २ : पुढच्या सोमवारी सकाळी अकराची डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ मी तुझ्या नावाने घेतली आहे. तुझे डोळे उत्तम आहेत हे मला माहीत आहे. तू फक्त बाबांना फोन करून म्हण, "मला एकटीला जायची भीती वाटते, तू चल." ताई बोलावते म्हटल्यावर ते येतील. तिथे पोचलीस की म्हण, "आलाच आहेस तर तूही दाखवून घे." येताना रिक्षाने या.

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळव.