एका गुडघ्याचा खुलासा

मंगाफ, कुवेत
शुक्रवार, सुट्टीचा दिवस

तीर्थस्वरूप शरददादांस,

धाकट्या विजयकुमारचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग या शब्दाकडे मुद्दाम लक्ष वेधतो. त्यात दोन्ही गुडघे जमिनीला लागतात आणि आपल्या घराण्यात आजवर त्याचा कुणी निषेध केलेला नाही.)

तुमची साखर, नीलावहिनींचा दमा आणि दारातला कढीपत्ता हे तिन्ही आटोक्यात असतील असं धरून चालतो. इकडचं म्हणाल तर उकाडा गेला, धूळ गेली नाही, माझा इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, अजून वर्षभर चालेल, क्षितिजला दहावीचा अभ्यास सोडून सगळं करायला वेळ आहे आणि उल्का माझ्याशी बोलते आहे. फोन सोडून पत्र का, असं तुम्ही वहिनींना विचाराल. फोनवर मी जरा आवाज चढवला की तुम्ही मैदानावरच्यासारखं 'विश्राम' म्हणता आणि मी गप्प होतो. पन्नाशी उलटली, हाताखाली चाळीस माणसं आहेत, तरी गप्प होतो. व्हॉट्सअपवर लांब काही लिहिलं तर तुम्ही ते न वाचता अंगठा पाठवता. कागदाला विश्राम म्हणता येत नाही, म्हणून हा कागद.

मुद्दा असा. गेल्या महिन्यात अमेरिकेत शर्वरीच्या कॉलेजची व्हॉलीबॉलची मॅच होती. सुरुवातीला तिकडचं राष्ट्रगीत लागलं, बाकीच्या मुली छातीवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि माझी लेक, म्हणजे तुमची पुतणी, एक गुडघा टेकून खाली बसली. तिकडच्या पेपरात फोटो आला, तो फिरत फिरत नाशिकला पोचला आणि तुम्ही तिला नात्यातल्या ग्रुपवरून परस्पर कळवलंत, की लेखी माफी मागेपर्यंत तिने तुमच्या पंच्याहत्तरीच्या समारंभाला येऊ नये. तुमच्या घरात पाऊल टाकू नये, असंही त्यात होतं. दादा, हे मला मान्य नाही. खरं तर एवढं वाक्य लिहून पत्र संपवता आलं असतं. पण तुमच्या त्या निरोपाने इकडे आमची जी वरात निघाली त्यातून तुम्हाला फुकट सुटू द्यावं असं वाटत नाही.

मला ही बातमी कळली ती शुऐबाला, कामावर. आमच्या प्लांटचं वार्षिक शटडाऊन चालू होतं, आणि आत फोन न्यायला बंदी असल्यामुळे तो गेटवरच्या कपाटात ठेवावा लागतो. (तिथे भारतीय, फिलिपिनो, इजिप्शियन, सगळ्यांचे फोन शेजारी शेजारी गुण्यागोविंदाने नांदतात.) संध्याकाळी बाहेर येऊन पाहतो तर निरोपांचा ढीग. 'फार वाईट वाटलं.' 'धीर सोडू नकोस.' 'शेवटी मुलांचं काही आपल्या हातात नसतं.' काय झालं ते एकानेही लिहिलेलं नाही. आपल्या लोकांची ही रीतच आहे, सांत्वन आधी आणि बातमी मागाहून. तिथेच गेटवर उभ्या उभ्या जाब्रियाला उल्काच्या दवाखान्यात फोन लावला. ती फिजिओथेरपिस्ट, तेव्हा एका हातात कुणाचा तरी पाय होता आणि दुसऱ्या हातात फोन. शांतपणे म्हणाली, शर्वरी ठणठणीत आहे, फक्त खाली बसली. मी विचारलं, चक्कर आली का? तर म्हणाली, नाही, मुद्दाम बसली. मला इतकं हसू आलं की आमच्या बसचा ड्रायव्हर साकिब पाण्याची बाटली घेऊन धावला. पोर धडधाकट आहे हे कळल्याचा जो आनंद झाला त्यात रागवायची वेळ निघून गेली ती गेलीच. तुम्हाला बातमी नीट क्रमाने कळली, म्हणून तुम्हाला रागवता आलं.

ती का बसली हे तुम्ही तिला विचारलं नाहीत, तेव्हा मी सांगतो. तिच्या टीममध्ये आफिया नावाची मुलगी आहे, वर्णाने काळी, तिकडचीच जन्मलेली, शर्वरीची खोलीतली जोडीदार. आफियाच्या धाकट्या भावाला पोलिसांनी त्याच्याच गाडीतून ओढून बाहेर काढलं आणि गाडी चोरीची असेल या संशयावर रस्त्यावर पालथं पाडलं. त्यात त्याचा हात मोडला. गाडी त्याच्या वडिलांची निघाली. कुणी साधं चुकलं म्हटलं नाही. पुढच्या मॅचला राष्ट्रगीताच्या वेळी आफिया एकटीच गुडघ्यावर बसली आणि अख्ख्या स्टेडियमने तिची हुर्यो उडवली. त्याच्या पुढच्या मॅचला तिच्या शेजारी शर्वरी बसली. बस्स, एवढाच गुन्हा. मी तिला म्हटलं, अगं, तू तिथे परकी, विद्यार्थिनीच्या व्हिसावर आहेस, हे तुझं भांडण नाही. तर म्हणाली, बाबा, शी वॉज अलोन. (हल्ली ती मला उत्तरं इंग्रजीतच देते. हे मात्र भाषांतराशिवाय कळलं.) कॉलेजने दोघींना सांगितलंय, माफीचं पत्र द्या, तोवर मॅच खेळायची नाही. दोघींनी दिलेलं नाही.

आता आमच्या मंडळाकडे वळतो. तुमचा निरोप नात्यातल्या ग्रुपवरून कुवेतच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर यायला अर्धा तासही लागला नाही. आमचे अध्यक्ष शैलेश यांनी तातडीने सालमियाला आपल्या घरी कार्यकारिणी बोलावली. विषय एकच, सदस्यकन्येच्या वर्तनाचा निषेध. (मंडळाच्या स्थापनेपासून तातडीची बैठक ही दुसरी. पहिली चकल्या मऊ आल्या तेव्हा झाली होती.) प्रकरणाचं गांभीर्य सर्वांना कळावं म्हणून शैलेशने मॅचचा व्हिडिओ टीव्हीवर लावायचं ठरवलं. लॅपटॉपची वायर आखूड. तेव्हा तो एक गुडघा जमिनीवर टेकून टीव्हीपाशी बसला आणि त्याने बटण दाबलं.

व्हिडिओची सुरुवातच राष्ट्रगीताने. आमच्या सांस्कृतिक चिटणीस स्वप्नाताई कुठलंही राष्ट्रगीत ऐकलं की उठतात, त्या उठल्या. त्या उठल्या म्हणून खजिनदार उठले. उरलेल्यांच्या हातात साबुदाणा वड्याच्या बशा होत्या आणि चटणी पातळ होती, ते बसून राहिले. मग वाद पेटला, की परक्या देशाच्या राष्ट्रगीताला, तेही टीव्हीवरच्या, उभं राहायचं असतं का. एकाचं म्हणणं पडलं, मान तो मान, देश कुठलाही असो. दुसऱ्याने विचारलं, मग पाकिस्तानच्या मॅचला तुम्ही काय करता? तेवढ्यात शर्वरीचा हात नक्की कुठे होता हे पाहायला कुणीतरी व्हिडिओ मागे घ्यायला लावला, राष्ट्रगीत पुन्हा सुरू झालं आणि नुकत्याच बसलेल्या स्वप्नाताई पुन्हा उठल्या. इमारतीचा हारिस, म्हणजे रखवालदार, मुनव्वर पिण्याच्या पाण्याचा जार खांद्यावर घेऊन आला होता. दोघांना ताठ उभं पाहून त्याने जार खाली ठेवला आणि तोही हात जोडून उभा राहिला. त्याला वाटलं कुणीतरी वारलं आहे.

या सगळ्यात आमचे अध्यक्ष कुठे होते? टीव्हीसमोर, एका गुडघ्यावर. त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन गेल्या वर्षी झालंय, एकदा खाली बसला की धरल्याशिवाय उठता येत नाही, आणि वादाच्या भरात त्याला कुणी धरलं नाही. राष्ट्रगीत पहिल्यापासून शेवटपर्यंत त्याने बरोबर शर्वरीच्याच आसनात ऐकलं. उल्काने आधी फोटो काढला आणि मग त्याला उठवलं. (त्याचा गुडघा तिच्याच दवाखान्यात बरा होतोय.) उठवता उठवता तिने एवढंच विचारलं, की ठरावात नावं घालायची तर किती घालायची, बसलेल्यांची वेगळी आणि गुडघ्यावरच्यांची वेगळी का? शैलेश म्हणाला, वहिनी, माझं वैद्यकीय कारण आहे. उल्का म्हणाली, तिचंही आहे, तिच्या मैत्रिणीच्या भावाचा हात मोडलाय. ठराव तांत्रिक कारणास्तव पुढे ढकलण्यात आला.

पण अध्यक्षांनी हार मानली नाही. दिवाळी संमेलनात मी स्टेजवरून खुलासा करावा, असं ठरलं. संमेलनाची सुरुवात दोन राष्ट्रगीतांनी होते, आधी कुवेतचं आणि मग आपलं. कुवेतच्या वेळी आम्ही मोठी माणसं वर्षानुवर्षं अत्यंत आदराने उभी राहतो, ओठही हलवतो, पण शाळेत जाणारी पोरं सोडली तर शब्द एकालाही येत नाहीत. यंदा दोन्ही गीतांच्या वेळी झेंड्याकडे कुणी पाहत नव्हतं, सगळं सभागृह माझ्या गुडघ्यांकडे पाहत होतं. मी उभा होतो, तुम्ही शिकवल्याप्रमाणे, टाचा जुळलेल्या आणि मुठी शिवणीवर. हे तुम्हाला स्पष्ट सांगतो दादा, मी बसलो नसतो. तिथेही नाही आणि इथेही नाही. आपलं गीत लागलं की शेवटची ओळ मी अजून मोठ्याने म्हणतो, आणि परदेशात तर जास्तच मोठ्याने. तुम्हाला तो फोटो पाहून जे लागलं ते मलाही कळतं. पण मी उभा राहतो ते माझ्या मनाने, आणि तिने बसावं की नाही ते तिच्या मनाने. मनाविरुद्ध उभं केलेल्या माणसाच्या नुसत्या तंगड्या उभ्या असतात.

हेच मी माइकवर बोललो, तंगड्यांसकट. मग म्हणालो, माझी मुलगी बरोबर आहे, मी माफी मागणार नाही आणि तीही मागणार नाही, ज्यांना हे सहन होत नसेल त्यांनी आत्ता उठून जावं. दादा, एकही माणूस उठला नाही. (मसालेभाताचा वास सुटला होता, ही गोष्ट मी विचारात घेतलेली आहे.) जेवणानंतर हात धुवायच्या बेसिनपाशी मात्र एकेक जण आला आणि इकडे तिकडे बघून हळूच म्हणाला, बरं बोललात. राजश्री म्हणून जहराच्या हॉस्पिटलात नर्स आहे, तिने तर माझा ओला हात हातात घेतला. मग म्हणाली, मी असं म्हणाले हे कुणाला सांगू नका हं. आमची सगळ्यांची हिंमत तेवढीच, बेसिनपुरती. मी कुणाला हसत नाही, कारण मीही त्यातलाच. बावीस वर्षं इथे मुदीर, म्हणजे साहेब, म्हणेल त्याला मान हलवतो आहे.

तुम्ही निरोपात म्हण लिहिलीत, ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. दादा, ती म्हण मी जगलो. इतक्या टाळ्या वाजवल्या की तळहाताला घट्टे पडले. त्या टाळ्यांच्या पगारावर मुलीला शिकवलं ते तिनेही जन्मभर टाळ्याच वाजवाव्यात म्हणून नाही. आणि ती हे कुठे शिकली असं तुम्ही वहिनींना विचारत होतात, म्हणून सांगतो. तुमच्या शाळेत पाहुणे मंत्री यायचे होते, सकाळपासून सगळी शाळा रांगा धरून उन्हात उभी होती, मुलं पटापट चक्कर येऊन पडत होती आणि हेडमास्तर ओरडत होते की रांग मोडायची नाही. तेव्हा पीटीच्या मास्तरांनी शिट्टी मारून सगळं मैदान खाली बसवलं. गाडी आली तेव्हा स्वागताला एक मूल उभं नव्हतं. त्या मास्तरांची पगारवाढ अडली आणि बदलीही झाली. मी त्या मैदानात चौथ्या रांगेत होतो आणि मास्तर माझे सख्खे भाऊ होते. राष्ट्रगीत सुरू नव्हतं असं तुम्ही म्हणाल, आणि ते खरं आहे. पण दर मे महिन्यात शर्वरी नाशिकला आली की ही गोष्ट तुम्ही तिला आमरस वाढता वाढता सांगायचात. नको होतं तर सांगायची नव्हती.

तेव्हा आमचा निर्णय असा. समारंभाला आलो तर चौघं येऊ, नाहीतर कुणीच येणार नाही. तुमच्या औक्षणाला बायका कमी पडणार नाहीत हे मला माहीत आहे, पण मला तुमचा फोटो शर्वरीशिवाय नको आहे. नीलावहिनींना नमस्कार. राग आला असेल तर तो पूर्ण माझ्यावर काढावा.

तुमचा आजवर आज्ञेत राहिलेला,
विजय

ता. क. उल्काने पत्र वाचलं. तंगड्या हा शब्द थोरल्या दिरांना लिहू नये असं तिचं मत आहे. शब्द तसाच ठेवला आहे.

ता. क. २. वर 'कुणीच येणार नाही' असं लिहिलं आहे ते तत्त्व म्हणून वाचावं. तिकिटं चौघांची काढून झाली आहेत आणि ती रद्द होत नाहीत. आत घेतलं नाहीत तर आम्ही मंगल कार्यालयाच्या दारात उभे राहू. वहिनींनी ताटं बाहेर आणून द्यायचं कबूल केलं आहे. (हे मी सांगितलं असं त्यांना कळू नये.)

ता. क. ३. खरं तर एवढ्यासाठीच लिहायला बसलो होतो. कॉलेजने खेळ बंद केला तेव्हा शर्वरी रडली नाही. पेपरात वाटेल ते छापून आलं तेव्हाही नाही. तुमचा निरोप आला त्या दिवसापासून मात्र ती सरावाला गेलेली नाही. चेंडू हातात धरायला तिला तुम्ही शिकवलंत, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. उल्काला रोज एकच विचारते, काकांचं काही आलं का. दादा, तुम्ही तिला फोन करा. माफ करू नका, पटलं म्हणू नका, तुम्हाला पटलेलं नाही तर तसंच सांगा, पाहिजे तेवढं रागवा. पण स्वतःच्या आवाजात रागवा. तुमचा आवाज ऐकल्यावर ती बराच वेळ काही बोलणार नाही. तेवढ्यात फोन ठेवू नका.