बाळासाहेब इंगोले, कॅचर

लिमरिक,
रविवार संध्याकाळ

प्रिय बाबा,

साष्टांग नमस्कार.

पाकिटात पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये दाबून काही कार्डं ठेवली आहेत. ती इतक्यात बाहेर काढू नका, आधी पत्र पुरतं वाचा. आई शेजारी बसली असेल तर तिलाही सांगा, हात लावू नकोस म्हणून. शिट्टी वाजेपर्यंत कोणी जागचं हलायचं नाही, असं तुम्ही आम्हाला मैदानावर दटावायचात. आज शिट्टी माझ्याकडे आहे.

पत्र लिहायला बसले, कारण फोनवर तुम्ही हाती लागत नाही. इकडे कधी येताय असं विचारलं की तुमचं ठरलेलं उत्तर येतं, पाहू ना बावा, काऊन घाई करतेस. आधी गुडघा होता, मग इथली थंडी, मग कुंड्यांना पाणी कोण घालणार. परवा तर तुम्ही मांजराचं कारण दिलंत, आणि ते मांजर शेजाऱ्यांचं आहे! आईची तयारी केव्हाच झाली आहे, तिनं लोकरीचे मोजेसुद्धा घेऊन ठेवलेत. आमच्या लीगचा शेवटचा सामना सप्टेंबरात आहे. दहावीला मी खेळ सोडला, तो इथे येऊन पुन्हा धरला, आणि तेव्हापासून तुम्ही मला एकदाही खेळताना पाहिलेलं नाही. तुम्ही त्या दिवशी मैदानाच्या कडेला बसलेले हवे आहात मला. बाकी काही नको.

इथे बेसबॉल म्हटलं की लोक आधी हसतात आणि मग नियम विचारतात. आम्ही खेळतो ते मैदान डब्लिनच्या पश्चिमेला, क्लोनडॉकिनच्या एका मोठ्या बागेत आहे. लिमरिकहून गाडीनं दोनेक तास लागतात. आमच्या संघात अमेरिकेत राहून परत आलेले आयरिश आहेत, दोघं व्हेनेझुएलाचे आहेत आणि कॅचर अमरावतीची आहे. गुडघे दुमडून बॅटरच्या मागे बसते तेव्हा तुमचा आवाज अजून कानात असतो, की संघातले सगळे बॅटरकडे बघतात, फक्त कॅचर सगळ्यांकडे बघतो. तुमचं जुनं मिट, तो कॅचरचा चामडी हातमोजा, मी इथे प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, ठेवलं आहे. कपाटाला प्रेस म्हणायची सवय मलाही लागली, हसू नका. महिन्यातून एकदा त्याला तेल लावते, अगदी तुम्ही लावायचात तसं, अंगठ्याच्या बाजूनं सुरुवात करून.

आमचे पंच फिन्टन म्हणून आहेत. दातांचे डॉक्टर होते, आता निवृत्त झालेत. पाऊस असो, चिखल असो, खांदा दुखत असो, त्यांना सगळंच ग्रँड वाटतं. त्यांना खेळाडूंची कार्डं जमवायचा नाद आहे. अमेरिकेत बेसबॉल खेळणाऱ्यांची पत्त्यांएवढी कार्डं निघतात, पुढे फोटो आणि मागे त्याची कामगिरी. फिन्टनना त्यातली जुन्या धाटणीची आवडतात. खेळाडू आजचा, पण कार्ड आजोबांच्या काळातलं वाटावं असं, जाड करड्या पुठ्ठ्याचं, रंगवल्यासारख्या चित्राचं. सामना संपला की ते गाडीची डिकी उघडतात आणि आम्ही सगळे चहाचे कप घेऊन भोवती जमतो.

यंदा त्यांनी हौसेनं आमच्या संघाचीच तशी कार्डं छापून आणली. माझंही निघालं. मी त्यात जरा जाडी दिसते, पण ते असू दे. सामन्यानंतर शाळेतल्या मुली रांग लावून सह्या घ्यायला आल्या. आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझी सही मागत होतं आणि मी काय करावं? बाकीचे दोन फराटे मारून मोकळे होत होते आणि मी बँकेत करतात तशी पूर्ण सही करत बसले, कौमुदी बाळासाहेब इंगोले, तीसुद्धा इंग्रजीत, एकेक अक्षर सुटं. अर्धी सही माझ्याच तोंडावर आली. फिन्टननी कार्ड उचलून चष्म्याजवळ नेलं आणि विचारलं, हा युअर मॅन बाळासाहेब कोण? इथे कोणाबद्दलही बोलताना असंच म्हणतात. मी सांगितलं की ते माझे वडील, आमच्याकडे मुलीच्या नावात वडिलांचं नाव असतंच. ते खेळतात का? मी म्हटलं, महाराष्ट्राच्या संघात कॅचर होते, आणि नंतर शाळेत शिकवून शेकडो मुलं तयार केली. त्यावर ते अगदी गंभीरपणे म्हणाले, मग त्यांचं कार्ड कुठे आहे?

तेव्हा आता काढा कार्डं. शिट्टी वाजली. फिन्टननी ती तुमचीच छापली आहेत, त्यावरचा फोटो मी आईकडून मागवला होता. मुखवटा डोक्यावर सरकवलेला, मिशीला धूळ, आणि नजर फोटोग्राफरला दम देणारी. मागची बाजू मी मराठीत लिहिली आहे. छंद या रकान्यात, सूर्य उगवायच्या आत पोरांना मैदानावर बोलावणे, असं घातलंय. चूक असेल तर कळवा.

फिन्टनच्या डिकीतली एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. त्यांच्याकडे एकाच खेळाडूच्या सह्यांची एक वही आहे. पहिली सही त्याच्या विशीतली, तरतरीत, कार्डाबाहेर जाऊ पाहणारी. पुढे ती आवरती झालेली. शेवटच्या पानावर म्हातारपणची, अक्षरं थरथरलेली, एक रेघ तर मध्येच तुटलेली. मी विचारलं, ही शेवटची खरी कशावरून? ते म्हणाले, शंका घ्यायची तर एकमेकींशी तंतोतंत जुळणाऱ्या सह्यांवर घ्यावी, कारण त्या यंत्रानं काढलेल्या असतात नाहीतर कोणीतरी गिरवलेल्या. जिवंत माणसाचा हात दोनदा सारखा चालत नाही. आणि मग म्हणाले, ही शेवटची मला सगळ्यांत प्रिय आहे, ही करायला त्याला किती कष्ट पडले असतील. मी चहा पिण्याचं निमित्त करून तिथून बाजूला झाले, बाबा. मला रडू येत होतं.

कारण यंदा माझ्या वाढदिवसाचं पत्र आईच्या अक्षरात आलं. तुम्ही म्हणालात, चष्मा सापडत नव्हता. दर वर्षी क्रीडादिनाच्या आधी तुम्ही ओसरीवर बसून प्रमाणपत्रांवर हिरव्या शाईनं सह्या करायचात, आणि मी ती एकेक उचलून फरशीवर वाळत घालायचे. इंगोलेच्या खाली तुमची ती लांबलचक रेघ असायची. पोरं घरी जाऊन तीच गिरवायची. ज्यांनी आयुष्यभर सह्या दिल्या ते माझे बाबा चार ओळी दुसऱ्याकडून लिहून घेतात, हे मला चष्म्यामुळे पटलं नाही.

मी आईला खोदून विचारलं, तिच्यावर रागावू नका. दिवाळीतल्या त्या अर्धांगाच्या झटक्यानंतर उजवा हात कापतो, हे मला माहीत होतं. बँकेनं सही जुळत नाही म्हणून तुम्हाला परत पाठवलं आणि सगळ्यांसमोर अंगठा उमटवायला लावला, हे माहीत नव्हतं. त्या दिवसापासून तुम्ही पेन हातात घेतलेलं नाही, आणि व्हिसाचा अर्ज ट्रंकेवर सहीवाचून पडून आहे. ना गुडघा, ना थंडी, ना ते बिचारं मांजर. म्हणून हे पत्र. तुमचा पासपोर्ट या वर्षी संपतोच आहे. नवा काढा आणि त्यावर आज जशी येते तशी सही द्या, तीच आता तुमची सही. त्याआधी या कार्डांवर हात बसवा. वाकडी येऊ दे, तुटू दे, प्रत्येकावर वेगळी येऊ दे. एका कार्डावर मात्र 'चि. कौमुदीस' असं वर लिहा. फिन्टन म्हणतात, कोणाचं नाव घातलं की कार्डाची किंमत उतरते. माझ्या कार्डाची उतरवा. आणि झाली की पोस्टात टाकू नका, बाबा. रांगेतल्या त्या मुलींना मी सांगून ठेवलंय, बाळासाहेब इंगोले स्वतः घेऊन येणार आहेत.

तुमचीच,
कौमुदी