साडूच्या टायरपेक्षा एक साइज मोठा

६ ऑक्टोबर, रविवार

भांडुपला सासऱ्यांकडे जेवण. माझा साडू विशाल बोरिवलीहून सहकुटुंब हजर. सुरमई चांगली होती, पण पहिल्या घासापासून विषय एकच. गेल्या वर्षी गावच्या जत्रेला विशालने गाडी वहाळाच्या पाण्यातून पलीकडे कशी काढली आणि बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, थेट घरापुढच्या खळ्यात नेऊन कसं उतरवलं.

बाबांचे गुडघे गेलेत. वहाळावर फक्त चालत जायचा साकव आहे आणि पुढे घरापर्यंत चढ. मी तेव्हा माझी गाडी अलीकडेच उभी केली होती. कारण शुद्ध तांत्रिक. गाडी माझीही फोर बाय फोर आहे, म्हणजे चारही चाकांना जोर देता येणारी, विशालच्या चार महिने आधी घेतलेली. पण त्याचे टायर ऑल टेरेन आणि माझे कंपनीतून आलेले, हायवेचे. हे मी जेवताना नीट समजावून सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं आणि विशालला आणखी एक तुकडी वाढायला सांगितली.

ठरलं. या वर्षी बाबा वहाळ पार करतील ते माझ्या गाडीतून. यात जळण्याचा काही संबंध नाही. म्हाताऱ्या माणसाची सोय बघायची, एवढंच.

९ ऑक्टोबर, बुधवार. ऑफिस, सकाळी ११

अभ्यास जोरात. एकोणीस व्हिडिओ बघून झाले. हायवे टायर रस्त्यासाठी. मड टेरेन चिखलासाठी, पण रस्त्यावर हाल. ऑल टेरेन मधला, दोन्हीकडे चालणारा. अख्ख्या अंधेरी ऑफिसात हे कुणालाच माहीत नव्हतं. सांगितलं. शेजारच्या टेबलावरचा चंद्रप्रकाश हल्ली सकाळपासूनच हेडफोन लावून बसतो.

१० ऑक्टोबर, गुरुवार

नेत्राचा, म्हणजे मेहुणीचा, रिकामा डबा परत द्यायला बोरिवलीला गेलो. बायकोने, श्रुतिकाने, विचारलं की एका डब्यासाठी मुलुंडहून बोरिवली? म्हटलं, नाती जपावी लागतात.

विशालच्या पार्किंगमध्ये बुटाची लेस बांधायला वाकलो आणि टायरच्या कडेवरच्या रुंदीच्या आकड्याचा फोटो काढला. २४५. वॉचमनने कोणाकडे जायचंय विचारलं. डबा त्याच्याकडेच दिला आणि निघालो.

२४५. म्हणजे फार काही नाही.

१२ ऑक्टोबर, दसरा

घाटकोपरला अल्पेशच्या टायरच्या दुकानात. माणूस जुना आहे, पण विचार लहान. गाडी रस्त्यावर किती चालते आणि मातीत किती, असं विचारलं. मी म्हटलं, सत्तर टक्के माती. त्याने जुन्या टायरांकडे पाहिलं. एकदा सोसायटीच्या बागेत चाक गेलं होतं, ती माती अजून होती.

त्याचं म्हणणं, रोज अंधेरी-मुलुंड करणाऱ्याने मूळ साइजच ठेवावी आणि सौम्य नक्षीचे ऑल टेरेन घ्यावे. आवाज कमी, ॲव्हरेज बरं. मी त्याला २६५ काढायला सांगितले, सगळ्यात जाड दात असलेले. तो म्हणाला, पूर्ण वळवताना आत घासतील, पिकअप पडेल, गाडी उंच होईल. मी म्हटलं, उंचच हवी. त्याने दोनदा समजावलं, मग जॅक लावला.

घरी हार घालून पूजा केली. श्रुतिका म्हणाली, गाडी बूट घातल्यासारखी दिसते. स्तुती समजून घेतली.

२० ऑक्टोबर, रविवार

थोड्या बारीकसारीक गोष्टी.

एक, हायवेवर साठच्या पुढे घूंऽऽ असा आवाज येतो. श्रुतिकाची आई फोनवर विचारत होती, गिरणीत आहात का. नवे टायर आहेत, रुळतील.

दोन, यू टर्न घेताना आत घासतं. यू टर्न कमी घ्यायचे.

तीन, सोसायटीच्या मशीन पार्किंगमध्ये चाकं आता पट्ट्यांवर बसत नाहीत. सेक्रेटरी म्हणाले, गाडी बाहेर लावा. बाहेर लावली. सगळ्यांना दिसते तरी.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

सगळे भांडुपला. बाबांना जत्रेसाठी माझ्या गाडीचं आमंत्रण दिलं. आठवडाभरात तीन फोन केले होते, हे चौथं. विशाल म्हणाला, हो, देवेशबरोबरच जा बाबा, त्याची गाडी प्रशस्त आहे. मग खाली येऊन टायर बघितले आणि म्हणाला, झकास आहेत रे, माझ्यापेक्षा भारी.

घरी येताना श्रुतिका म्हणाली, असं बोलायला मन मोठं लागतं. मला तो दिखाऊपणा वाटला. खरोखर मोठं मन असतं तर त्याला थोडं वाईट वाटलं असतं.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार. गाव, संध्याकाळ

पहाटे निघालो. बाबांना गाडीत चढता येईना. गुडघा तेवढा वर जात नव्हता. खालच्या दुकानातून प्लॅस्टिकचं स्टूल आणलं. ते पुढे प्रत्येक थांब्यावर काढावं लागलं.

पेणच्या पुढे बाबांनी विचारलं, "जावयानू, ह्यो कसलो आवाज?" मी रबराचं शास्त्र सांगायला घेतलं. महाडला त्यांनी कानात कापूस घातला. राजापूरला श्रुतिकाने.

वहाळावर विशाल माझ्या मागे होता. त्याने हात करून थांबायला सांगितलं. मी थांबलो नाही. पलीकडे निम्मी वाडी उभी होती. सरळ पाण्यात घातली. पाणी गुडघाभरच. मधोमध मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. आणखी ॲक्सिलरेटर दिला, गाडी आणखी खाली बसली. बाबांनी वरची कडी घट्ट धरली. 

विशाल पँट वर करून पाण्यातून आला. काच खाली घ्यायला सांगितली आणि अगदी हळू, बाबांना ऐकू जाऊ नये अशा बेताने विचारलं, "फोर व्हील टाकलंयस ना?"

मी गिअरकडे बघितलं. शेजारचा छोटा दांडा टू व्हीलवरच होता. खरं तर गाडी घेतल्यापासून तो मी कधी हलवलाच नाही. दांडा आहे हे मला माहीत होतं.

तेवढ्यात बाबा म्हणाले, "माका हयच उतरवा. मी चलत जातंय." पाण्यात स्टूल टिकेना. विशालने पाठ दिली. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस जावयाच्या पाठीवर बसून पलीकडे गेला. मी आत स्टिअरिंग धरून बसून होतो.

मग विशालने परत येऊन दांडा टाकायला सांगितला, चाकांतली थोडी हवा सोडली. गाडी एका झटक्यात निघाली. टायरांनी उत्तम काम केलं, हे नोंदवून ठेवतो. वाडीतल्यांनी टाळ्या वाजवल्या. कोणासाठी ते कळलं नाही.

गुडघा दुखतोय असं सांगून रात्रीच्या पालखीला जाणं टाळणार आहे.

१७ नोव्हेंबर, रविवार. रात्री, मुलुंड

परतीची व्यवस्था सासूबाईंनी लावली. बाबा विशालच्या गाडीत, कारण ती बुटकी. सासूबाई बाबांबरोबर. नेत्रा अर्थातच. श्रुतिका म्हणाली, तिचं डोकं कालपासून ठणकतंय, आजच्यापुरती तिकडेच बसते. माझ्या गाडीत तांदळाचं पोतं, चाळीस नारळ, सुरणाचे दोन गड्डे आणि स्टूल. विशालने सगळं नीट लावून दिलं, वहाळात सोडलेली हवा पंपाने परत भरली आणि म्हणाला, वजन घ्यायला तुझेच टायर बरे. खोचक बोलला असता तर बरं झालं असतं. तो मनापासून बोलला.

मी मागे पडलो. चढावर पिकअप देत नाही.

माणगावच्या थोडं अलीकडे श्रुतिकाचा फोन आला. सगळे माणगावला हॉटेलात चहाला थांबलेत, तू कुठे आहेस, वाट बघतोय. मागून विशालचा आवाज येत होता, सावकाश ये म्हणावं. सगळे कशालातरी हसत होते. मी म्हटलं, मी केव्हाच पुढे गेलो, आता पेण येईल. ती म्हणाली, आम्हाला कसा दिसला नाहीस? म्हटलं, वेगात होतो.

आता हॉटेलवरून गेलो असतो तर त्यांनी बघितलं असतं. आवाजावरूनच कळलं असतं. म्हणून पेट्रोल पंपावर थांबलो, ते उठेपर्यंत. पाऊण तास. उगाच उभं राहणं बरं दिसेना, म्हणून हवा तपासून घेतली. चारही चाकांत बरोबर निघाली.