पाहुण्यांचं ताट

बाबा, ओळखलंत का? मी तुमची धाकटी. नसेलच आठवत. जिवंतपणीसुद्धा तुम्हाला सगळी गणितं तोंडपाठ, आणि लेकीचं नाव मात्र आईला विचारून घ्यायचात. मी सांगतेय ते नात लिहून घेतेय, कारण शाळामास्तराची लेक असून मला अक्षर येत नाही. "हिला शिकवू नका, असं पाहुणे म्हणतात," हे तुमचं उत्तर.

ते पाहुणे तुमच्याखेरीज कुणाला दिसले नाहीत. गोरेगावच्या त्या खोलीत तुम्ही ओल्या बोटाने फरशीवर गणित मांडायचात, पाणी वाळायच्या आत पुढची ओळ, आणि मध्येच रिकाम्या पाटाकडे मान वळवून ऐकत राहायचात. कॉलेजातले लोक गणितं घेऊन तुमच्याकडे यायचे, त्यामुळे तुम्हाला वेडा म्हणायची कुणाची छाती नव्हती. पाहुणे जेवल्याशिवाय तुम्ही घास घेत नसायचात, म्हणून आई त्यांचंही ताट मांडायची. मला म्हणायची, "वाढ गं, निदान हे तरी जेवतील." गावी देवाला गाऱ्हाणं घातलं, डॉक्टर तेवढा राहून गेला. मग एका दुपारी "पाहुण्यांना पोचवून येतो" म्हणालात, आणि लोकांनी तुम्हाला खाडीतून उचलून आणलं.

आता ही, लिहिणारी. डोकं तुमचंच, हिची गणितं परदेशात वाचतात म्हणे. तुमच्या पाहुण्यांबद्दल मी या घरात कधी चकार शब्द काढला नव्हता. तरी परवा बोरिवलीत जेवताना हिने शेजारची खुर्ची ओढली नि म्हणाली, "आजी, इकडेही आमटी वाढ ना." मी पळी पातेल्यात परत ठेवली. मी म्हटलं, "त्यांना सांग, इथे खानावळ नाही." ही हसली नाही. मी आईसारखं वाढलं नाही. सुनेला हाक मारली, डॉक्टर गाठला. उद्यापासून हिला दवाखान्यात ठेवायचंय. तेव्हा ही माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आजी, मला भीती वाटते गं. पण त्यांना कळू देऊ नकोस."

आत्ता मी बोलायची थांबले, तरी हिचं पेन चालूच आहे. "काय लिहितेस?" "तू सांगतेस तेच, आजी." मला कुठे वाचता येतंय, बाबा. यात आणखी कुणाचं बोलणं उतरलंय कोण जाणे, म्हणून हे पत्र घराबाहेर जायचं नाही. आणि खरं सांगू, त्या खुर्चीत मीही अजून बसलेले नाही.

सुनेला सांगून ठेवलंय, हिच्या डब्यात पेजेबरोबर रोज सुकटीची चटणी पाठव. वॉर्डातले नाक मुरडतील, मुरडू देत. मासळीचा वास आला की तुमचे पाहुणे उठून जायचे.