कोपरा फाटलेलं कार्ड

मरीन परेड, सिंगापूर
१४ सप्टेंबर २०१३

आप्पाआजोबा,

आज 'तीर्थरूप' लिहवत नाही.

"निधनाचं कार्ड कोपरा फाडून धाडतात, ते घरात ठेवायचं नसतं," असं तुम्ही मला लहानपणी सांगितलं होतं. १९४५ साली सिंगापूरहून आलेलं कार्ड तुम्ही नुसता कोपरा पाहून चुलीत टाकलंत आणि आजीने कुंकू पुसलं.

माझी शेजारीण जोन ऑस्ट्रेलियन आहे. तिचे वडील तुमच्या दादाबरोबर, माझ्या शिवराम आजोबांबरोबर, इथे युद्धकैदी होते. काल तिने त्यांची डायरी वाचून दाखवली: "शिवरामच्या हाताला बँडेज, म्हणून त्याच्या बायकोला कार्ड मी लिहिलं. एकच उरलं होतं, कोपरा उंदराने खाल्लेला. तो जिवंत आहे, उत्तर पाठवा, एवढंच लिहिलं." पुढे तीन आठवडे रोज एक ओळ आहे, शिवरामने टपाल विचारलं. मग तो गेला.

घरात इंग्रजी येणारे तुम्ही एकटेच होतात. सतराव्या वर्षीची घाई मी माफ केली असती. पण नंतर सरकारी पत्र आलं, त्यात दादाच्या मृत्यूची तारीख कार्ड घरी आल्यानंतरची होती. तुम्हीच ते वाचलंत आणि गप्प बसलात.

नव्वदीतली आजी अजून म्हणते, "दोन ओळी लिहायला काय झालं होतं त्यांना?" आणि तुम्ही शेजारी बसून म्हणता, "जाऊ दे वहिनी, दादा तसाच होता."

हे पत्र चौथ्यांदा लिहिते आहे. आधीची तीन पोस्टात टाकली नाहीत. आजीलाच लिहावं, तर तिचं टपाल तुम्हीच वाचून दाखवता.

तिच्याजवळ बसा आणि तुमच्या तोंडाने सांगा, दादाने लिहिलं होतं. "आता या वयात कशाला?" असंच म्हणाल. तरी सांगा.

सुनेत्रा