ओढ्याला नाला म्हणणार नाही

आई,

आधी तुला नमस्कार. मी वेळेवर जेवते आणि नोकरी अजून शाबूत आहे.

प्रयोगशाळेच्या साहेबांनी इथल्या ओढ्याच्या अहवालात ‘नाला’ लिहायला सांगितलं. नाला म्हटलं की सांडपाणी सोडायला शेजारचा कारखाना मोकळा! मी दगड उलटून, फक्त स्वच्छ पाण्यात जगणाऱ्या अळ्या मोजल्यात. मी ‘ओढा’च लिहिलं.

साहेब म्हणाले, “एका शब्दानं काय बिघडतं?”

म्हटलं, “मग तुम्हीच खोडा आणि सही करा.”

त्यांनी पेन खिशात ठेवलं. तेव्हापासून मी बाटल्या धुतेय. धुवेन!

तुझे गुडघे कसे आहेत?

नाव बिघडवून हाक मारली तर ओ द्यायची नाही, हे तूच शिकवलंस ना? ओढ्याला तोंड नाही. मला आहे, आणि ते तुझ्यावर गेलंय.

तुझी भांडकुदळ लेक