दुसरा पडदा डुप्लिकेट निघाला

गुरुजी, खट्ट असा तो आवाज मला अजून ऐकू येतो. फळ्याच्या लाकडी तिपाईची खुंटी सैल होती आणि कविता रंगात आली की ती हमखास निसटायची. फळा वीतभर खाली यायचा, तुम्ही न थांबता गुडघ्याने तो वर ढकलायचात आणि पुढची ओळ म्हणायचात. पोशीरच्या शाळेत आपल्या वर्गाला फळे दोन होते. डाव्यावर कविता, उजव्यावर तिचा अर्थ. अर्थाचा फळा कधी घसरलेला आठवत नाही. आज माझ्या टेबलावर कंप्युटरचे तसेच दोन मोठे पडदे उभे आहेत, मधे लॅपटॉप, आणि त्यांच्यापायी आठवडाभर या घरात जे चाललंय ते तुम्हांलाच सांगायला हवं, कारण मूळ तुमच्यापाशी आहे.

तुमची कन्या आता स्वतः आजी झाली आहे. गेल्या महिन्यात कर्जतहून आली आणि तुमच्या मागे राहिलेली कवितांची वही माझ्या हाती देऊन गेली. पुस्तक छापायचंय म्हणाली. "दादा, गावातले कवी तुम्हीच. टाइप करायला मी दुसऱ्या कुणाकडं जाऊ?" मी मान डोलावली. उभा जन्म मी खालापूरच्या कचेरीत टिपणं लिहिली, पण आठवीत असताना शाळेच्या हस्तलिखित अंकात माझ्या नावाने एक कविता आली आणि तिच्यावर कवी हे नाव मला चिकटलं ते चिकटलंच. लग्नाच्या पत्रिकेपासून देवळाच्या पाटीपर्यंत मजकूर मीच लिहायचा. त्या कवितेचं पान आजही फ्रेममध्ये घालून बाहेरच्या खोलीत लावलेलं आहे. ती कविता तुमची आहे, तुमच्याच वहीतून उतरवलेली, हे मला ठाऊक. वही इमानाने टाइप केली तर गावाला कळणार, आणि या वयात मला साधा काका होऊन राहावं लागणार.

म्हणून मी आधी आठ दिवस तुमच्या अक्षराला बोल लावला. मुंग्यांची रांग जावी तसं ते अक्षर, आणि मोतीबिंदू काढलेले माझे डोळे. पानांचे फोटो काढून लॅपटॉपवर मोठे केले तर मुंग्या फुगून काळे ढग व्हायचे. नेरळचा कंप्युटरवाला म्हणाला, फोर-के पडदे घ्या, बारीक अक्षरही स्वच्छ दिसतं, एकावर वही ठेवा, दुसऱ्यावर लिहा. मला ते दोन फळेच दिसले आणि मी भाळलो. पहिला पडदा जोडताक्षणी लागला. दुसऱ्याची वायर मी लॅपटॉपच्या दुसऱ्या भोकात घातली, तर त्या भोकातून नुसतं चार्जिंग होतं, चित्र जात नाही. मग डॉक नावाची एक डबी आणली. तिच्यातून दुसरा पडदा उजळला, पण त्यावरही तेच पान. हिने दारातून पाहिलं आणि विचारलं, "अहो, एकच वही दोनदा वाचायची तर चष्मा दोनदा लावायचा होता की." तेवढ्यात पडद्यावर एक यादी आली आणि तिच्यात स्वच्छ लिहिलं होतं, डुप्लिकेट.

आता तुम्ही सांगा, गुरुजी, डुप्लिकेट म्हणजे आपल्याकडे काय? बाजारातला खोटा माल. माझं डोकं फिरलं. पडदा खोक्यात घातला, रिक्षात मांडीवर घेतला आणि नेरळला दुकानात जाऊन चार गिऱ्हाइकांपुढे कंप्युटरवाल्याला सुनावलं, की मी ओळखलं नसतं, पण यंत्राने तुझी चोरी पकडली. त्याने खोकं उघडलंसुद्धा नाही. मग म्हणाला, "काका, तसा डुप्लिकेट नाय तो. ते इचारतंय, दोनी पडद्यांवर एकच दाखवू का. तुमी खालचं घ्या, विस्तार." गिऱ्हाइकं हसली. मी हसलो नाही. खोकं उचलून परत रिक्षात बसलो आणि घरी येईपर्यंत तो एकच शब्द कानात वाजत राहिला. विस्तार.

तुमचं स्वयंपाकघर आठवलं. मी खडू न्यायला आलोय. बाई विहिरीवर गेल्यात, तुम्ही ओसरीवर दाढी करताय. चुलीशेजारी दुधाचं पातेलं, आणि त्यावर झाकण म्हणून तुमची वही, उघडी, पालथी. मी ती उचलतो, वाचतो, आणि खडूच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर ती कविता घाईघाईने उतरवतो. हस्तलिखितात ती माझ्या नावाने आली. गॅदरिंगला मी ती छाती काढून म्हटली, तुम्ही पहिल्या रांगेत बसला होतात. दुसऱ्या दिवशी मला बोलावून एक शाईचं पेन दिलंत आणि एवढंच म्हणालात, "नक्कल सुबक आहे. आता विस्तार कर." तुम्ही माझ्या अक्षराची तारीफ केलीत, असं मी धरून चाललो. इतकी वर्षं चाललो. पेन अजून आहे, हे पत्र त्यानेच लिहितोय. विस्तार तेवढा राहून गेला.

आज दुपारी मी खालचं निवडलं. आधी यंत्र माझ्या डाव्याला उजवं समजत होतं, माउसचा बाण एका पडद्यावरून निघून भलतीकडूनच उगवत होता. सेटिंगमध्ये दोन पडद्यांचे दोन चौकोन दिसतात, ते जागेवर सरकवले आणि सगळं नीट झालं. डावीकडे तुमचं ते पान उघडलं, त्यावर पातेल्याच्या काठाचं गोल वर्तुळ, अगदी सायीच्या सुरकुतीसकट. ताडून बघावं म्हणून उजवीकडे माझ्या फ्रेममधल्या पानाचा फोटो लावला. म्हणजे एवढा खटाटोप करून, विस्तार निवडूनसुद्धा, दोन्ही पडद्यांवर एकच कविता. तेव्हा मात्र मी एकटाच हसलो.

आणि मग ते दिसलं. तुमची ओळ होती, "खाचरात चंद्र उतरतो, पाणी मात्र हलत नाही." माझ्या पानावर आहे, "पाणी मात्र बोलत नाही." घाईत मी चुकीचं वाचलं होतं. पण तुमच्या वहीत 'हलत'वर एक बारीक रेघ आहे आणि वर, वह्या तपासायच्या लाल शाईने, 'बोलत' लिहिलंय. नुसत्या डोळ्यांना ती रेघ पानाची सुरकुती आणि तो शब्द शाईचा डागच वाटला होता. माझी नक्कल तुम्ही तपासलीत, आणि चूक ठेवून घेतलीत. मी तो एक शब्द आणखी मोठा करून पाहिला. चहा निवला.

हे लिहीत असताना बेल वाजली आहे. हिने दार उघडलं आणि तिथूनच सांगतेय, "अहो, ताई आल्यात." तुमची कन्या रविवारी येणार होती, आज गुरुवार आहे. पडदे दोन्ही दाराकडे तोंड करून आहेत आणि अक्षरं एवढी मोठी की ओटीवरूनही वाचता यावीत. कबूल करतो, गुरुजी, माझा हात वायरीकडे गेला होता. पण कुठली वायर कुठल्या पडद्याची, ते मला अजून कळलेलं नाही. म्हणून दोन्ही चालू आहेत, आणि ती चपला काढतेय. कविता तुमच्या नावाने टाइप करीन म्हणून तिला आत्ताच सांगतो. तो एक शब्द तेवढा माझा आहे, हेही सांगावंसं वाटतंय. सांगेन की नाही, माहीत नाही.